पंचनाम्याबाहेर

सव्वीस वर्षं मी तुर्भ्याच्या मसाला बाजारात
भेसळ पकडली.
हळदीतला क्रोमेट, तिखटातली वीट,
मिऱ्यात पपईच्या बिया. त्या स्पिरिटवर तरंगतात.
मिरी इमानी, ती बुडते.
लाखेचं सील, दोन पंच, सही, तारीख.
घरी आलो की प्रणिता माझे हात हुंगायची
आणि सांगायची, आज धने.

आता ती खारघरला, टेकडीखालच्या तळघरात
रात्रपाळी करते.
दिवसा महामार्गावरचे कंटेनर जमीन हलवतात,
तिच्या आरशांना ते सोसत नाही.
मी डबा घेऊन गेलो, सुक्या वाकट्यांचं कालवण.
"ते दाराबाहेर ठेवा," म्हणाली.

आत काचेची कुपी. कुपीत काही नाही.
त्या काही-नाहीच्या मधोमध, पडद्यावरच दिसणारा,
रुबिडियमचा ढग.
जे गरम होते ते उडून जाऊ दिले,
बशीतल्या चहाची वाफ जाते तसे.
उरले ते निरपेक्ष शून्याच्या वर
जेमतेम एका अंशाचा कोटीवा भाग.
इतक्या गारठ्यात म्हणे अणूंची आडनावं गळतात,
लाखभर अणू, आणि हा कुठला तो कुठला
विचारायची सोय नाही.

मी म्हटलं, शुद्ध.
असा माल उभ्या नोकरीत पाहिला नाही.
ती हसली.
"थांबा, आता भेसळ करते."

पोटॅशियम.
लाखात हजारभर, पण इतके पांगलेले
की प्रत्येकाला वाटावं आपण एकटेच आलोय.
एकटा राहत नाही पण तो.
आसपासचे रुबिडियम त्याच्याकडे किंचित झुकतात,
तो हलला की ते झुकणंही हलतं,
आणि तो स्वतःपेक्षा जड होऊन चालतो,
लग्नघरातून निघालेल्या पाहुण्यासारखा, हातात न मागितलेल्या पिशव्या.
रेडिओलहरीने त्याला विचारायचं, तू कोण?
उत्तर येतं तेच,
फक्त जरासं सरकून.
तेवढं सरकणं म्हणजे
माझ्या मुलीची चार वर्षं.

तिने चुंबकाचा प्रवाह बदलला.
आता तोच शेजाऱ्यांना ढकलू लागला.
"ढकलणारा फार टिकत नाही," म्हणाली.
आणि दोन्हींच्या मधे एक जागा आहे,
तिथे पोटॅशियम कुठे संपतो, ढग कुठे सुरू होतो,
"तिथे आमचं गणित दमतं, बाबा."

मला आमचं कोपरखैरणं आठवलं.
चारी बाजूंनी सेक्टर, मधे आमच्या गल्ल्या,
आणि कोण कोणात मिसळलं हे...
"गावठाण नको हं मधे आणू," ती म्हणाली,
मी तोंड उघडायच्या आत. "अणूला सातबारा नसतो."
बरं. मी तपासनीस माणूस,
उपमा माझ्या खात्यातल्या नव्हेत.

खात्यातला एकच प्रश्न विचारला:
वेगळा काढता येतो का?
ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"काढता येतो. पण मग जो हातात येतो
तो हा नसतो."

माझे नमुने कपाटात वर्षवर्ष पडून असायचे,
कोर्टाची तारीख लागेपर्यंत.
तिचा नमुना फोटो काढताच संपतो.
अर्ध्या मिनिटात दुसरा ढग. पुन्हा तेच.
पुन्हा तेच नव्हे.
मी तिची वही चाळली, सगळे रकाने पाहिले,
सवयीने शेवटचा शोधला.
दोषी कोण, असा रकाना नव्हता.

तीन वाजता आम्ही पायरीवर बसलो.
आत यंत्र आपापलं मोजत होतं.
तिने माझा हात ओढला, हुंगला.
निवृत्तीला नऊ वर्षं झाली, हाताला साबणाचा वास.
"वाकट्या," ती म्हणाली तरीही.

लांब महामार्गावर एक कंटेनर गेला.
डब्याचं झाकण बारीक किणकिणलं.
"हा बाद," ती म्हणाली,
आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.